लेण्याद्री दिसत नाही

(जुन्नर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा, वक्त्याने पुन्हा नजरेखालून घातलेला मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांना आपण सगळे नुसतेच 'गुरुजी' म्हणत आलो. मीही तेवढेच म्हणेन. मी त्यांचा चौथीतला विद्यार्थी. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होते आणि ते उघडताना गुरुजींच्या शेजारी उभे राहण्याचा मान दर आठवड्याला एका पोराला मिळायचा. साडेआठ म्हणजे साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, हे मला घड्याळ नीट कळायच्या आधी कळले. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचे, पाणी कडेला चढलेले दिसते तिकडे पाहायचे नाही, मधला खोलगट बाक ज्या रेघेला टेकतो ती रेघ वाचायची. एकदा मी कडेची रेघ वाचली. गुरुजी म्हणाले, "अरे, ढगाने दिलं नाही तेवढं तू कशाला देतोस?"

त्यांच्या वहीत तीन रकाने होते: तारीख, पाऊस, शेरा. गुरुजी गेल्यावर घरच्यांनी त्या वह्या काही दिवस माझ्याकडे दिल्या. मी आयुष्यभर हवामान शिकवले, त्यामुळे साहजिकच पावसाचे आकडे आधी पाहिले. शेऱ्याकडे लक्ष गेले ते नंतर. तिथे एक वाक्य पुन्हा पुन्हा येते: 'लेण्याद्री दिसत नाही.' शाळेच्या ओट्यावरून नदीपलीकडचा लेण्याद्रीचा डोंगर समोर दिसायचा, चार-पाच किलोमीटरवर. कड्यातल्या लेण्यांची काळी दारे स्वच्छ हवेत मोजता यायची. ती दिसली नाहीत की गुरुजी लिहून ठेवत.

हा शेरा वर्षात दोनदा गर्दी करतो. आषाढ-श्रावणात तो येतो तेव्हा शेजारच्या रकान्यात पाऊस असतो, म्हणजे डोंगर ढगाने झाकलेला. मार्गशीर्ष-पौषात येतो तेव्हा शेजारी शून्य. आकाश निरभ्र आहे, पाऊस नाही आणि डोंगर मात्र गायब. आज मला त्या दुसऱ्या गर्दीबद्दल बोलायचे आहे.

आता माझ्याबरोबर गडावर चला. १९ फेब्रुवारीच्या पहाटे इथले निम्मे लोक शिवनेरीवर असतातच. गडाचा माथा गावाहून तीनशे मीटरपेक्षा जास्त उंच. पायथ्याशी कानटोपी, मफलर, दात वाजतायत, आणि वर पोचल्यावर कोणीतरी हमखास म्हणतो, "वर थंडी कमीच आहे की!" दुसरा म्हणतो, "चढून आलास म्हणून." चढल्याने अंग तापते हे खरे, पण पहिल्याचे म्हणणेही खोटे नाही. शांत, निरभ्र रात्रीनंतर वरची हवा खालच्या हवेपेक्षा अनेकदा खरोखरच उबदार असते. जरा उजाडल्यावर पूर्वेला गावाकडे पाहा. घरांवर एक राखाडी पट्टा पसरलेला दिसतो. त्याची वरची कड इतकी सरळ असते की पाणसळ लावून आखल्यासारखी वाटावी. मानमोडीचा डोंगर त्यातून बेटासारखा वर आलेला असतो. धुराची एखादी रेघ खालून सरळ वर येते, त्या कडेपाशी थबकते आणि आडवी होते.

ही कड म्हणजे खोऱ्यावरचे झाकण. ते कसे पडते ते सांगतो. सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता आकाशात टाकू लागते. ढग असते तर त्यातली काही परत आली असती. हिवाळ्यात ढग नसतात. जमीन निवते, तिला टेकलेली हवा निवते. गार हवा जड असते. ती उतारावरून, ओढ्या-ओघळींतून, पाण्यासारखी खाली वाहते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. आपल्या पूर्वजांनी या मुलखाला मीननेर, घोडनेर, भीमनेर अशी नावे दिली. नेर म्हणजे खोरे. रात्रभर ही नेरे गार हवेने भरत राहतात आणि वर उबदार हवेचा थर तरंगत राहतो. एरवी गरम धूर वर जातो, कारण वरची हवा त्याच्याहून गार असते. इथे मात्र वर चढावे तर उबदार हवा भेटते. धुराचा चढण्याचा जोर संपतो आणि तो तिथेच पसरतो. ऊन जमिनीला तापवते, खालची हवा उकळू लागते, तेव्हा साधारण नऊ-दहाच्या सुमारास हे झाकण निघते. गुरुजींचे साडेआठ नेमके त्याच्या आधीचे.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. 'खालच्या रानात हिव जास्त' हे वाक्य नारायणगावच्या कुठल्याही द्राक्षवाल्याकडून ऐका. एकाच मालकाची दोन रानांत बाग असेल तर ओढ्याकाठच्या बागेची काळजी त्याला आधी. थंडी फारच उतरली की तो पहाटे पाणी सोडतो आणि ओळींमधून शेकोट्या पेटवतो. धुराची गोधडी बागेवर पांघरली, असे आपण म्हणतो. पण गोधडीचे काम धूर करत नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघून जाणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही. बाग वाचते ती विस्तवाच्या उबेने, आणि ती ऊब खाली टिकते ती झाकणामुळे. म्हणूनच अनुभवी माणूस एक मोठा जाळ करत नाही, लहान लहान पंचवीस करतो. मोठा जाळ झाकण भेदून वर जातो आणि ऊब घेऊन जातो. लहान शेकोटीची ऊब थोडी चढते, अडते आणि बागेतच फिरते. धूरही मग त्याच वाटेने फिरतो. बाग वाचवणारे आणि छाती भरवणारे झाकण एकच आहे.

बाकीचे ऋतू असे नसतात. जुलैत नाणेघाटात जा. कोकणातून येणारा वारा कड्यावर असा आपटतो की धबधब्याचे पाणी खाली पडण्याऐवजी वर उडते. ते पाहायला मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. त्या वाऱ्यात धूर टिकायची बिशाद नाही, आणि पाऊस हवा धुऊन काढतो तो वेगळाच. घाटमाथ्यावर, भीमाशंकरच्या बाजूला, वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला बेल्ह्याकडे या, पाचशे-सहाशेवर येतो. एका टोकाला भात आणि हिरडा, दुसऱ्या टोकाला बाजरी. मग परतीचा पाऊस जातो, हस्त-चित्रा सरतात, वारा पडतो. ज्या खोऱ्यात पाणी वर उडत होते, त्याच खोऱ्यात पौषात अंगणातल्या दिव्याची ज्योत हलत नाही.

वैशाखाचे पाहा. आंबेगावच्या आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, कवळे रचून दाढ भाजली जाते. धूर भरपूर होतो आणि शहरातून आलेला पाहुणा तो पाहून नाक मुरडतो. पण त्या दिवसांत दुपारी जमीन तव्यासारखी तापलेली असते. हवा दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते. राबाचा धूर त्या सगळ्या उंचीत वाटला जातो. तेवढाच जाळ डिसेंबरात संध्याकाळी केला, तर तो शे-दोनशे मीटरच्या थरात रात्रभर कोंडून राहतो. धूर तोच, खोली लहान. म्हणून कोणाचा धूर वाईट हे ठरवताना तो किती आहे याच्याइतकेच तो केव्हा केला हे विचारायला हवे. वर्षातून एकदा राब भाजणाऱ्याला आपण बोल लावतो आणि चार महिने रोज पेटणाऱ्या आपल्या बंबाबद्दल गप्प बसतो.

बंबाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जुन्नरच्या जुन्या पेठेत, घोडेगावात, मंचरमध्ये थंडीच्या पहाटे पाच ते सात या वेळात फिरून या. दर दोन घरांआड मागच्या दाराला बंब धडधडत असतो. त्यात लाकडाची ढलपी, मक्याची बुरकुंडे, नारळाच्या करवंट्या. इथवर ठीक. पेटवायला काय घातले ते विचारा. दुधाची पिशवी, फाटकी चप्पल, खोक्याचा पुठ्ठा. आमच्याही घरात हेच चालायचे. पिशवी चटकन पेट घेते हे मला आईनेच शिकवले. गावात झाकण सर्वांत खाली असते ती वेळ आणि गावातला सर्वांत जास्त धूर होतो ती वेळ, दोन्ही एकच. कारण दोन्हींच्या मुळाशी थंडी.

शिवारात पाहिले तर टोमॅटोचा प्लॉट संपला की मल्चिंग पेपर निघतो. आपल्या भागाने टोमॅटोत नाव कमावले, आणि त्या पिकासोबत प्लॅस्टिकही गुंठ्यागुंठ्याने आले. माती चिकटलेला, उन्हाने भुरभुरीत झालेला तो कागद भंगारवाला सहसा घेत नाही. मग बांधावर ढीग आणि काडी. त्याचा धूर काळा असतो, घशाला लगेच लागतो. उसाचे तर विचारूच नका. तोड झाली की खोडव्यासाठी रान मोकळे हवे, पाचट आडवे येते, काडी लावली की दोन तासांत रान साफ.

इथे मला एक अडचण प्रामाणिकपणे मांडायची आहे, कारण सभेत उपदेश सोपा असतो. मी एकदा आमच्या भावकीत एका पुतण्याला म्हटले, "पाचट पेटवायचंच असेल तर दुपारी पेटव, धूर वर जाईल." तो म्हणाला, "काका, दुपारी वारं असतं. शेजारच्याचा उभा ऊस पेटला तर तुम्ही भरून देणार का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. वारा पडलेला असतो तेव्हाच जाळ आवरता येतो, म्हणून शेतकरी संध्याकाळ निवडतो. विस्तवाला जी वेळ सुरक्षित, तीच वेळ धुराला घातक. वेळ बदलून हा पेच सुटत नाही. पाचट न जाळणे एवढाच मार्ग उरतो: सरीत दाबा, कुट्टी करा, कुजवा. ज्यांनी केले त्यांना ओल टिकते आणि खुरपणी वाचते हे ठाऊक आहे. पण कुट्टीच्या यंत्राचे भाडे आणि वेळेवर मिळण्याची खात्री हा खरा प्रश्न आहे. तो सोडवल्याशिवाय नुसते 'जाळू नका' म्हणणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

आता मोजमापाकडे येतो. धुरातले जे कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे, ते नाकातल्या केसांना चुकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. २००९ साली ठरलेल्या भारतीय मानकाप्रमाणे त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. पण या दोन्ही आकड्यांत चोवीस तासांची सरासरी आहे. आपल्या खोऱ्यात दुपारची स्वच्छ हवा पहाटेच्या घाण हवेला सरासरीत झाकून टाकते. पहाटे साडेपाचला बंबापुढे बसणारी सून, सहाला दूध घालायला निघालेला मुलगा, सातला शाळेच्या वाटेवरची पोरे, यांच्या छातीत सरासरी जात नाही.

देशाने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात शंभराहून अधिक शहरे आहेत, पुणे आणि नाशिक त्यांतलीच. आपण त्या दोघांच्या मध्ये, हमरस्त्यावर, आणि यादीत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' नावाची व्यवस्था उभी केली आणि २०१३ पासून पुणेकरांना उद्याच्या हवेचा अंदाज मिळू लागला. मला त्यात कोणाची चूक काढायची नाही. जिथे माणसे जास्त तिथे यंत्र आधी, हे बरोबरच आहे. पण पुण्याचा आकडा पाहून जुन्नरच्या हवेबद्दल बोलणे म्हणजे बेल्ह्याचा पाऊस मोजून भीमाशंकरचे भात लावणे.

हवामानात जागेला किती किंमत आहे हे आंबेगाव तालुक्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. ३० जुलै २०१४ ची सकाळ. मुसळधार पावसात डोंगर खचला आणि माळीण गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला खबर लागली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला आणि नेहमीच्या जागी गाव दिसेना. तालुक्याच्या ठिकाणचा पाऊस हा त्या डोंगरावरचा पाऊस नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले, आणि तेही घाट चढून आपल्या तालुक्यांवर आले. पॉलीहाऊसचे सांगाडे वाकले, घरांचे पत्रे उडाले, आदिवासी भागातल्या हिरड्याचे नुकसान झाले. ही संकटे एका दिवसात येतात, म्हणून पंचनामा होतो. पौषातला धूर रोज थोडाथोडा येतो. त्याचा पंचनामा होत नाही. जुन्या खोकल्याला आपण 'थंडी बाधली' म्हणतो आणि काढा करतो.

माणसाच्या हाताने हवा-पाणी बदलते ही शंका आपल्या तालुक्याला नवी नाही. १८४०च्या दशकात जुन्नरजवळच्या हिवरे इथे दापोडीच्या सरकारी बागेची शाखा होती आणि तिथे औषधी वनस्पती वाढवल्या जात. ते काम पाहणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असे सरकारला कळवत राहिले. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. तेव्हाचे सरकार आपले नव्हते आणि त्यात त्याचा लाकडाचा स्वार्थही होता. पण आधी डोळ्यांनी पाहायचे, मग लिहायचे, मग मागायचे, हा क्रम मला त्यातून घ्यावासा वाटतो.

लिहून ठेवण्यात आपली नदी तर आपल्याही पुढे आहे. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला काठाच्या थरांत एक पांढुरकी राख सापडली. १९८०च्या दशकात पुण्याच्या संशोधकांनी ती तपासली. ती आली होती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून लांबून, हवेतून. टोबाच्या कुठल्या उद्रेकाची ती, पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या की त्याहून पुष्कळ जुन्या, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण राख या खोऱ्यावर पडली, आजूबाजूच्या उतारांवरून पावसाने धुतली आणि कुकडीने ती जपून ठेवली, यात वाद नाही. त्याच थरांच्या आसपास अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळतात. समुद्रापलीकडचा धूर ज्या खोऱ्यात येऊन बसतो, तिथे शेजारच्या बांधावरचा धूर आपला नाही असे कोणी कोणाला म्हणावे?

पाण्याच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, या धरणांच्या पाण्याची आवर्तने ठरतात, बैठका होतात, पाळी चुकली तर भांडणे होतात. भांडण होते म्हणजे हिशेब आहे. हवेचे भांडण होत नाही, कारण हिशेबच नाही. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. हिशेबाची सुरुवात आपण करू.

त्याला यंत्र लागत नाही. यंत्र यावे, जुन्नरला आणि घोडेगावला एकेक यावे, त्यासाठी अर्ज करू. पण हवामान खात्याचा निरीक्षकही दृश्यता मोजताना ठरावीक अंतरावरच्या खुणा पाहतो: ते देऊळ दिसते का, तो मनोरा दिसतो का. एक किलोमीटरवरची खूण दिसली नाही तर धुके. आपल्याकडे तर खुणाच खुणा. जुन्नरच्या शाळेला लेण्याद्री, नारायणगावच्या शाळेला नारायणगड, खोडदच्या शाळेला रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या. डोंगरांच्या आडोशामुळे बाहेरचा रेडिओ गोंगाट कमी, हे त्या दुर्बिणीसाठी आपले खोरे निवडण्यामागचे एक कारण. आकाशगंगांची कुजबुज ऐकू यावी म्हणून जे डोंगर कामाला आले, तेच आपला धूर बाहेर जाऊ देत नाहीत.

तेव्हा शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत रोज साडेआठला एका मुलाला ओट्यावर उभे करा. तारीख लिहा. खूण स्पष्ट, पुसट की गायब, ते लिहा. हवेला वास होता का: लाकडाचा, पाचटाचा, प्लॅस्टिकचा? तोही लिहा. वास न येता सगळे पांढरे असेल तर ते बहुधा धुके. येडगावच्या पाण्याकाठी असेल तर नक्कीच. त्याला धूर म्हणू नका, कारण खोटी तक्रार खऱ्या तक्रारीला मारते. दोन हिवाळे लिहा. मग तीच वही घेऊन आपण ग्रामसभेत बसू आणि मल्चिंग पेपर गोळा करायला गाडी मागू, कुट्टीयंत्र मागू, पेठेतल्या बंबांसाठी सौर पाणीतापकाचे अनुदान मागू.

गुरुजींच्या शेवटच्या वहीतले एक पान सांगून थांबतो. अक्षर हललेले आहे. पावसाच्या रकान्यात शून्य. शेऱ्यात आधी लिहिले आहे, 'लेण्याद्री दिसत नाही.' मग ते खोडून खाली लिहिले आहे, 'मला दिसत नाही. मुलाला विचारले. त्यालाही दिसत नाही.' डोळे अधू झाले तेव्हा गुरुजींनी आपल्या नजरेचा दोष हवेवर ढकलला नाही. दुसरा साक्षीदार उभा केला आणि मगच नोंद कायम केली.

उद्या सकाळी साडेआठला मी त्याच ओट्यावर असेन. ज्याला यायचे असेल त्याने यावे, वही मी आणतो.